कोळ्याचे नाव आणि विंचवाचा घाव

मंडळी, तुर्भ्याच्या जुन्या गावात ‘कोळी’ हा शब्द काढला, की कोणता कोळी हे विचारून घ्यावे लागते. एक कोळी माणसांतला. ठाण्याच्या खाडीत होडी घालणारा, जाळे विणणारा, आगरी शेजाऱ्यांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला. दुसरा कोळी आठ पायांचा. तोही जाळे विणतो, भक्ष्याची वाट पाहत तासन्‌तास धीर धरून बसतो, आणि जाळे फाटले की कुरकुर न करता दुसरे विणायला घेतो. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिले, ते कौतुकानेच दिले असावे. दोघेही कसबी आणि दोघांचेही पोट धाग्यावर.

या तुर्भ्याची जागाही मोठी बोलकी आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, आणि मधल्या पट्ट्यात एके काळी खाजणाची भातशेती आणि मिठागरे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि पाहता पाहता तिथे नवी मुंबई उभी राहिली. कारखाने आले, रेल्वे आली, मुंबईचा घाऊक बाजार आला. डोंगराला दगडखाणी लागल्या, आणि पायथ्याच्या वस्त्या हळूहळू वर चढत गेल्या. माणूस असा डोंगराच्या कुशीत शिरला, म्हणून तिथले मूळचे रहिवासी काही रातोरात बिऱ्हाड हलवत नाहीत. दगडाखालचा विंचू, कुंपणावरचा कोळी, बिळातली मण्यार ही मंडळी तिथेच राहतात. फरक इतकाच, की आता त्यांच्या दगडाशेजारी आपली चूल असते आणि त्यांच्या बिळाशेजारी आपले अंथरूण.

तुमचे गाव तुर्भे नसेल. महाड असेल, संगमेश्वर असेल, भोर किंवा जुन्नर असेल. पण शेजारी बहुतेक हेच. म्हणून आज या शेजाऱ्यांची नीट ओळख करून घ्यायची आहे. सांगायची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. कोळ्याला आपण नको तितके भितो. आणि अंगावर काहीही उठले, काहीही चावले, की ‘कोळी असेल’ असे म्हणून मोकळे होतो. त्या एका वाक्यापायी खरा धोका झाकला जातो, आणि कधी कधी माणूस हातचा जातो.

आता कोळी म्हणजे कोण, ते पाहू. पुष्कळ लोक त्याला किडा म्हणतात. पण किड्याला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. किड्याच्या शरीराचे तीन भाग, कोळ्याचे दोन. किड्याला मिशा असतात आणि बहुधा पंखही असतात. कोळ्याला दोन्ही नाहीत. विंचू, गोचीड आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट हे त्याचे खरे भाऊबंद. जगात कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या 1,900 वर आपल्या भारतात आहेत.

एवढ्या जातींपैकी विषारी किती? हा प्रश्न विचारला, की उत्तर ऐकून माणूस दचकतो. कारण थोडी कुळे सोडली, तर सगळेच कोळी विषारी. त्यांना चावून खायला दात नाहीत. भक्ष्याला सुळे टोचायचे, विषाने त्याला लुळे करायचे, पाचकरस सोडून त्याच्या आतला भाग पातळ करायचा आणि शोषून घ्यायचा, ही त्यांची जेवणाची रीत. म्हणजे विष हे त्यांचे स्वयंपाकघरातले साधन आहे. ते माशीसाठी, झुरळासाठी, तुडतुड्यासाठी बेतलेले असते. बहुतेक कोळ्यांचे सुळे इतके बारीक असतात, की ते आपल्या कातडीत शिरतच नाहीत. शिरले तरी मधमाशीच्या डंखाइतके दुखते, थोडी सूज येते आणि एकदोन दिवसांत उतरते.

घरातल्या कोळ्यांचीच गोष्ट घ्या. छताच्या कोपऱ्यात लांब, काडीसारख्या पायांचा कोळी उलटा लोंबकळत असतो. धक्का लागला की अंग गदगदा हलवतो. तो आपल्याला काहीही करत नाही. भिंतीवर माशीच्या मागे टुणकन उडी मारणारा छोटा कोळी तर मुलांनी पाहत बसावा असा. त्याला जाळे लागत नाही, त्याची नजर तीक्ष्ण असते. आणि न्हाणीघरात रात्री दिवा लावताच भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो, तेव्हा घरातली शूर माणसेही ओरडतात. तो झुरळे खाणारा शिकारी. मादी असेल तर पोटाखाली नाण्यासारखी पांढरी चकती धरून हिंडते. त्या चकतीत तिची अंडी असतात. त्याला चेंगरले, मुठीत धरले, तर तो चावेल आणि दुखेलही. पण आपण होऊन तो माणसाच्या अंगावर येत नाही. झाडूने बाहेरचा रस्ता दाखवावा, एवढेच पुरे.

शेतकरी बांधवांनी तर कोळ्याला हात जोडावेत. भाताच्या चुडात जमिनीलगत धावणारे करडे कोळी तुम्ही पाहिले असतील. ते तपकिरी तुडतुडे खातात. तुडतुडा दिसला रे दिसला की सरसकट फवारणी केली, तर पुष्कळदा आधी हे कोळी मरतात. मग वाचलेल्या तुडतुड्यांना रान मोकळे मिळते आणि पुढच्या पंधरवड्यात ते दुपटीने उठतात. बिनपगारी राखणदाराला आपणच हाकलून दिल्यासारखे होते.

मग धोक्याचा कोळी कुठेच नाही का? आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपास एक कोळी आहे, त्याच्या दंशाने पूर्वी माणसे मरत. 1981 साली त्यावर प्रतिविष निघाले, आणि त्यानंतर त्या कोळ्याने माणूस दगावल्याची नोंद नाही. दक्षिण अमेरिकेत केळीच्या बागांत भटकणारा एक जहाल कोळी आहे. त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, आणि तुर्भ्याच्या बाजारात केळीचे घड उतरवणाऱ्या हमालाच्याही मनात पाल चुकचुकते. पण आपली केळी यावल-रावेरची. तिथे तो कोळी नाही. घडातून एखादा कोळी निघालाच, तर तो इथलाच, आणि आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला.

आपल्याकडच्या दोघांची मात्र नोंद ठेवा. एक, सह्याद्रीच्या रानात झाडांच्या ढोलीत राहणारा मोठा, केसाळ कोळी. अंगावर राखाडी-काळी नक्षी, आणि चिडला की पुढचे पाय उचलतो तेव्हा पायांखालचा पिवळा रंग दिसतो. त्याच्या दंशाने फार दुखते, स्नायूंत गोळे येतात, आणि ते काही दिवस छळतात. यातून मृत्यू झाल्याची नोंद नाही, पण डॉक्टरांना दाखवावे. दुसरा, काळा, वाटाण्याएवढ्या गोल पोटाचा, अंगावर तांबडी खूण असलेला. त्याच्या जातींची भारतात नोंद आहे, पण गाठ पडणे विरळा. त्याच्या दंशानंतर वेदना पोटात, पाठीत पसरतात, पेटके येतात, घाम सुटतो. असे झाले तर दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस कोळ्याच्या विषावर चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. उपचार दुखणे आणि पेटके आवरण्याचा असतो, आणि त्याने बहुतेक रोगी बरे होतात.

एवढा साधा हा शेजारी. मग गावोगाव त्याची बदनामी का? कारण दुसऱ्यांचे अपराध त्याच्या नावावर जमा होतात. त्यांतले चार अपराधी आज ओळखू.

पहिला अपराध क्षुल्लक आहे. पावसाळ्यात सकाळी उठावे, तर मानेवर किंवा गालावर फटका मारल्यासारखा लाल पट्टा, त्यावर बारीक फोड, आणि आग आग होते. घरातली मोठी माणसे सांगतात, ‘कोळी मुतला.’ बरं का मंडळी, बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नाही. हे काम बहुधा एका लहान, लांबट भुंगेऱ्याचे असते. अंग नारिंगी, डोके आणि शेपटी काळी, मुंगीसारखा दिसतो. दिव्याला भुलून घरात येतो. तो चावत नाही की डंख मारत नाही. मानेवर बसला म्हणून आपण त्याला चिरडतो, आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. उपाय सोपा. चिरडू नका, फुंकर मारून उडवा. रस लागला तर लगेच साबण-पाण्याने धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

पण तसेच फोड छातीच्या किंवा पोटाच्या एकाच बाजूला पट्ट्याने आले, त्याआधी दोनतीन दिवस तिथे ठणका होता, तर ती नागीण. तो विषाणूचा आजार आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, की त्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि पुढे कधीतरी असा उठतो. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर पुढचे दुखणे कमी होते. ‘कोळी गेला अंगावरून’ म्हणून गेरू लावत बसलात, तर ते तीन दिवस वाया जातात. आणि नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस मरतो, हीही निव्वळ भीती आहे.

दुसरा अपराध यापेक्षा गंभीर. गवत कापायला, जनावरे चारायला गेलेल्या माणसाला ताप भरतो, डोके दुखते, अंग मोडून येते. काखेत, जांघेत किंवा कमरेला नीट पाहिले तर काळी खपली दिसते, विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. लक्ष गेलेच, तर ‘कोळी चावला होता वाटतं’ असे म्हणतात. ही खूण गवतातल्या माइटच्या सूक्ष्म पिल्लाच्या चाव्याची. त्यातून होणाऱ्या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. 2018 साली नागपूर आणि विदर्भात या तापाने पुष्कळ माणसे आजारी पडली, काही दगावलीही. याला साधे, स्वस्त, गुणकारी औषध आहे. फक्त ते वेळेवर सुरू व्हायला हवे. तेव्हा ताप आणि काळी खपली ही जोडी दिसली, की डॉक्टरांना ती खपली आवर्जून दाखवा.

तिसरा अपराधी सगळ्यांत दबक्या पावलांचा. घरात जमिनीवर अंथरूण. मध्यरात्री काहीतरी टोचल्यासारखे झाले. दिवा लावून पाहिले, तर काही दिसत नाही. सूज नाही, रक्त नाही, दुखणे जवळपास नाही. ‘कोळी असेल, झोप.’ मंडळी, या दोन शब्दांइतके घातक शब्द नाहीत. मण्यार नावाचा साप रात्री घरात शिरतो, झोपलेल्याला चावतो, आणि त्याचे दात इतके बारीक, की खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते. मग पापण्या जड होतात, बोबडी वळते, घोट गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. अशा रोग्याला वेळेत सर्पविषावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय मिळाली, तर तो उठून चालत घरी जातो. ‘कोळी असेल’ म्हणून पुन्हा झोपलेला मात्र कधी कधी उठतच नाही. म्हणून नियम असा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी चावले आणि काय चावले ते दिसले नाही, तर सापच चावला असे धरून चालावे. खाटेवर झोपावे. तेवढी सोय नसेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. ती डासांपासून वाचवते, आणि मण्यारीपासूनही.

आता चौथा. हा कोळ्याचा सख्खा भाऊबंद आणि कोकणपट्टीचा खरा वैरी, तो विंचू. एकनाथ महाराजांनी भारुडात विंचू आणला तो मनातला, कामक्रोधाचा. त्यावरचा उतारा त्यांनी सत्त्वगुणाचा सांगितला. आपण बोलतो आहोत तो विंचू कौलातला, दगडाच्या गडग्यातला, गोवऱ्यांच्या आणि लाकडाच्या ढिगातला. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही वापरता. ती शब्दशः खरी आहे. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्ले देते, आणि ती पहिले काही दिवस आईच्या पाठीवर बसून हिंडतात.

विंचवांत दोन प्रकार नीट ओळखा. गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून हे मुलांना दाखवावे. एक मोठा, काळा, जाड चिमट्यांचा. कोठे कोठे त्याला इंगळी म्हणतात आणि त्याचेच भय फार. त्याची शेपटी मात्र चिमट्यांच्या मानाने बारीक. हा मुख्यतः चिमट्यांनी शिकार करतो. चावला की दुखते, पण जिवाला धोका सहसा नसतो. दुसरा लहान, दोनतीन इंचांचा, तांबूस किंवा पिवळसर. चिमटे बारीक, शेपटी मात्र जाड. चिमट्यांत जोर नाही, म्हणून त्याची सगळी भिस्त नांगीवर. हा लाल विंचू जगातल्या अतिविषारी विंचवांत गणला जातो. थोडक्यात, ‘चिमटा जाड तर भीती कमी, शेपूट जाड तर धाव घ्या’, एवढे पोरांकडून पाठ करून घ्या.

लाल विंचवाचे विष करते काय? आपल्या मज्जातंतूंतून जे संदेश जातात, त्यांच्या वाटा ते उघड्याच ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. भयाने आपली छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, तेच येथे कित्येक पटींनी होते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ओझे पडते. ते थकले की फुप्फुसांत पाणी साठते. मग धाप, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. लहान मुलांत हे सारे फार झपाट्याने होते.

याची पहिली लक्षणे पाहा. अंग घामाने भिजणे, उलटी, लाळ सुटणे, हातपाय बर्फासारखे गार पडणे, आणि मुलग्यांत लिंग ताठ होणे. या शेवटच्या लक्षणाची लाज धरून कोणी बोलत नाही. पण डॉक्टरांच्या दृष्टीने ती मोलाची खूण आहे, तेव्हा सांगायला संकोच करू नये. आणखी एक गोष्ट लोकांना फसवते. जागेवर दुखणे कमी, म्हणजे विष कमी, असे येथे नसते. पुष्कळदा ज्याला भयंकर दुखते तो वाचतो, आणि ज्याला फारसे दुखत नाही पण घाम सुटला आहे, तो खरा धोक्यात असतो.

या विंचवाने कोकणात किती घरे उजाड केली असतील, त्याची गणती नाही. पण त्याच्यावरचा उपाय जगाला मिळाला तो आपल्या कोकणातूनच, आणि हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे येत आणि मरत. त्या काळी असे गंभीर रोगी शंभरांत तीसपर्यंत दगावत. पुस्तकांत नेमका उपाय नव्हता. या तरुण डॉक्टरांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवली. कोणत्या क्रमाने काय होते ते टिपले. त्यांची निरीक्षणे 1982 साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

त्या नोंदींतून त्यांच्या ध्यानात आले, की रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हृदय थकते. मग त्या सैल करणारे औषध द्यावे. असे एक औषध रक्तदाबासाठी बाजारात होतेच, प्राझोसीन नावाची साधी, स्वस्त गोळी. ती त्यांनी दिली आणि रोगी वाचू लागले. 1986 साली हाही अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. जिथे शंभरांत तीस जात, तिथे वेळेवर गोळी मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे मुंबईच्या हाफकिनने विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. 2011 साली बावस्कर दांपत्याने, म्हणजे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी यांनी, महाडात 70 रोग्यांवर पडताळा घेतला. नुसत्या गोळीवर रोगी सरासरी 18 तासांत सावरत. गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिले तर सुमारे 10 तासांत. 2022 साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत. खेड्यातला दवाखाना, एक वही, आणि डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय, एवढ्यावर हे झाले. शिक्षकांनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पण गोळी कितीही गुणाची असली, तरी ती रोग्याच्या पोटात वेळेवर जायला हवी. ती घरी आपल्या मनाने द्यायची नाही. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांनीच, रोग्याला आडवे निजवून आणि नाडीवर लक्ष ठेवून द्यायची. तेव्हा घरच्यांचे काम एकच, रोग्याला लवकर पोचवणे. आणि नेमका इथेच आपला वेळ जातो. मंत्र टाकणारा येतो, कोणी चुना लावतो, कोणी रॉकेल, कोणी जखमेवर ब्लेड ओढतो, कोणी दोरी आवळतो. मंत्राने बरे झालेले लोक तुम्हांला भेटतील. खरे कारण असे, की त्यांना बहुधा काळा विंचू चावलेला असतो, किंवा लाल विंचवाने फार विष सोडलेले नसते. ते मंत्राविनाही बरे झाले असते. मांत्रिकाचा भाव त्यांच्यावर वाढतो, आणि किंमत मोजतो तो पुढचा रोगी.

अशाच एका प्रसंगाच्या बातम्या 2012 साली आसामातल्या सदिया भागातून आल्या होत्या. मोठे कोळी गावात आले, लोकांना चावले, दोघे मेले, असा गवगवा झाला. पुढे तपास करणाऱ्यांपुढे पेच पडला. शवविच्छेदन झालेले नव्हते, आणि रोग्यांना आधी वैदूकडे नेऊन जखमा कापल्या होत्या, असे सांगण्यात आले. ते कोळ्याच्या विषाने गेले की उपचाराने, हे सिद्ध होऊ शकले नाही. भीती मात्र जगभर पोचली.

तर मग घरी काय करायचे, ते मोजून सांगतो. चावलेल्या माणसाला धीर द्या आणि बसवा किंवा निजवा. त्याला चालवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, आणि कोळी किंवा विंचू असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ धरा. साप असण्याची शंका असेल, तर बर्फ नको, चोळणे नको. तो हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका आणि थेट निघा. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, कारण सूज येते. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, दारू पाजू नका. चावणाऱ्याला पकडायला धावू नका. दुरून मोबाइलवर चित्र टिपता आले तर उत्तम. 108 वर फोन करा, आणि गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. किती वाजता चावले ते कागदावर लिहून बरोबर न्या. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट पाहायची नाही.

आणि चावूच नये म्हणून? जोडे, कपडे, अंथरूण, घोंगडी वापरण्याआधी झटकायची. लाकडे, गोवऱ्या, विटा, पेंढा घराच्या भिंतीला टेकून रचायचा नाही. दगड किंवा कौल उचलताना आपल्या बाजूची कड आधी उचलायची नाही, पलीकडची उचलायची. म्हणजे आत कोणी असेल तर त्याची वाट पलीकडे उघडेल. अंधारात हात घालण्याआधी बॅटरी. निळसर-जांभळ्या अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी बाजारात मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री घराभोवती एक फेरी मारली, की कुठे कोण बसले आहे ते कळते.

शिक्षकमंडळींना एक विनंती. शाळेत एक दिवस याची तालीम घ्या. ‘रात्री काहीतरी चावले, काय ते दिसले नाही’ एवढेच सांगा, आणि मुलांना विचारा, कोण काय करील? कोण फोन करील, कोण शेजाऱ्याची गाडी आणील, कोण जवळ बसेल? जवळचे आरोग्य केंद्र किती लांब आहे, रात्री उघडे असते का, सर्पविषावरची लस आणि प्राझोसीन तिथे ठेवलेले असते का, हे ग्रामसभेत विचारून शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना कुंपणापाशी न्या. दवाने भिजलेले एखादे जाळे शोधा. हात न लावता पाहू द्या. धागे किती, मधे कोण बसले आहे, माशी अडकली की ते कोणत्या पायाने चाचपते, हे मुले वहीत लिहितील. पाहण्याची सवय लागलेले मूल कोळ्याला उगीच मारणार नाही, आणि विंचवाला उगीच हात लावणार नाही.

खाडीवरचा कोळी समुद्राला भीत नाही, पण वारा पाहिल्याशिवाय होडीही सोडत नाही. डोंगराच्या शेजाराने राहणाऱ्या आपण सगळ्यांनी तेवढेच शिकायचे आहे. उद्यापासून घरात कोणी म्हणाले, ‘कोळी असेल, झोप’, तर त्याला तिथेच थांबवा. दिवा लावा, घड्याळ पाहा, घाम आहे का, पापण्या जड आहेत का ते पाहा, आणि जराही शंका वाटली तर दवाखान्याची वाट धरा. कोपऱ्यातला कोळी तोवर आपल्या जाळ्यात स्वस्थ बसलेला असेल. त्याला बसू द्या.